तुमचे परदेशातले पत्रमित्र: अनुभव लिहा

निवतीचा दिवा:

डेन्मार्कच्या सरकारी पोस्टाने पत्रं वाटणं बंद केल्याची बातमी वाचली का कुणी? ३० डिसेंबर २०२५ ला शेवटची पत्रं वाटली. १६२४ पासून चालू असलेली टपालसेवा. २००० सालापासून तिथली पत्रं नव्वद टक्क्यांच्या वर कमी झाली म्हणे, रस्त्यावरच्या लाल पेट्यासुद्धा उचलल्या. मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं तर म्हणाला, आपलं काय जातंय त्यात. जातं हो! माझी अर्धी शाळा आणि अख्खं कॉलेज त्या देशातून येणाऱ्या पाकिटांची वाट बघण्यात गेलंय.

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. १९८६ साली नववीत होते, बाईंनी वर्गात फॉर्म वाटले. फिनलंडमध्ये तुर्कू गावी इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस नावाची संस्था होती, १९५२ पासून जगभरच्या शाळकरी पोरांच्या जोड्या जुळवून द्यायची (२००८ ला बंद पडली). वय, भाषा, छंद यांवर खुणा करायच्या की ते तुम्हाला कुणाचा तरी पत्ता पाठवणार. वर्गातल्या बऱ्याच जणींचं दोन-तीन पत्रांत आटपलं. माझं अजून चालू आहे, म्हणजे आता व्हॉट्सॲपवर, त्याला चालू म्हणायचं तर.

ती एस्बियर्गची. उत्तर समुद्रावरचं मोठं मच्छीमार बंदर, वडील ट्रॉलरवर. बाबांना सांगितलं मैत्रीण डॅनिश आहे, तर बाबा खूश, अगं मग तिला कळव की त्यांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात आहे, पडकी झालीय पण आहे. ती डचांची होती हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, युरोपातले सगळे भाऊबंदच म्हणे.

तिचं अक्षर उभं आणि बारीक. सातच्या पोटात आडवी रेघ आणि एक असा काढायची की आमच्याकडे तो सातच वाटायचा, त्यामुळे तारखा लावायला वेळ लागायचा. एरोग्राम (घडी घातली की त्याचंच पाकीट होणारा पत्राचा कागद) उघडायला दाढीचं ब्लेड. घाईत फाडला की मजकुराची एक ओळ गेलीच समजा, कारण आम्ही दोघी घडीच्या पट्टीवरसुद्धा लिहायचो, जागा फुकट कशी घालवायची.

आणि प्रश्न किती! घराच्या भिंती लाल कशाने? चिरा कसा काढतात? मी जन्मभर चिऱ्याच्या घरात राहत होते पण खाण बघितली नव्हती, तिच्यासाठी बाबांच्या मागे लागून बघायला गेले. माडाला वर्षाला नारळ किती, पाडेली (नारळ पाडणारा) चढताना पायात काय घालतो, पावसात होड्या वर का ओढून ठेवता. मी नारळी पौर्णिमेचं सविस्तर लिहिलं. तिच्या वडलांचा निरोप आला की एवढे दिवस मासेमारी बंद ठेवणारे लोक हुशार आहेत, आमच्याकडे असं कुणी ऐकणार नाही. बाबांनी ते पत्र बंदरावर नेऊन सगळ्यांना दाखवलं.

डिसेंबरातल्या पाकिटावर तिकिटाशेजारी आणखी एक छोटं रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं. ते तिकीट नव्हे. नाताळात अशी चित्रं विकून आजारी मुलांच्या दवाखान्यासाठी पैसे जमवायची कल्पना १९०४ साली डेन्मार्कातल्याच एका पोस्टातल्या माणसाने काढली, आयनार होल्बोल त्याचं नाव. आमच्या पोस्टमनकाकांना ते तिकीटच वाटायचं, आणि त्यावर शिक्का मारायचा राहिलाय म्हणून ते हळहळायचे.

एकदा तिने काळ्या गोळ्या पाठवल्या. खारट! घरात कुणी गिळेना. आजीने एक तोंडात धरली आणि म्हणाली, ज्येष्ठमध आहे गो, मीठ घातलंय मेल्यांनी. ज्येष्ठमधाचं बरोबर निघालं. पुढे खोकला झाला की आजी मलाच विचारायची, तुझ्या त्या चेडवाच्या गोळ्या आहेत का.

तुमचं काय? लिहा, लांबलचक लिहा.

घाईतली:

वा वा काय विषय काढलास. कुकर लावलाय, जागा धरून ठेवते.

तिकीटवाला:

खरा कप्पा उघडलात तुम्ही. माझा पत्रमित्र म्हणजे पत्र कमी आणि तिकिटं जास्त. सुओमी म्हणजे फिनलंड, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी, हे भूगोलाच्या सरांना माहीत नव्हतं पण आमच्या आळीतल्या पोरांना पाठ. आणि तिकिटावर देशाचं नावच नाही म्हणजे इंग्लंड, कारण १८४० ला पहिलं तिकीट त्यांनीच काढलं, तेव्हा दुसरं कोण होतं नाव लिहायला. माझ्या इंग्लंडच्या मित्राला मी विचारलं होतं की तुम्ही नाव का नाही टाकत, तर त्याने उत्तरात फक्त लिहिलं, राणीचं डोकं आहे की.

पाकिटावरून तिकिटं मधेच कुणीतरी काढून घ्यायचं. पाकीट यायचं, कोपरा ओला आणि बोडका. कोण ते कधी कळलं नाही.

गजाली:

माजो आजो आचऱ्याक पोस्टमन होतो. तेका इंग्रजी येय नाय, पण फॉरेनचां पाकीट तो लांबसून वळखी, कडेक लाल निळे पट्टे. ज्येच्या घराक तां जाय थंय चाय ठरलेली. चाय झाली तरी उठा नाय, वाचून दाखवा म्हणी, मी चालत इलंय तां काय नुसतां देऊक? 😄 तिकटां आमी नाय हां काढलंव, आधीच सांगून ठेवतंय.

तिकीटवाला:

@गजाली, चोराच्या मनात चांदणं 😄

पोफळीची बाग:

माझी जपानची, कोबे शहरातली. मी रत्नागिरीची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, त्यामुळे जमलं. मधेमधे चित्रं काढायची. पत्रात घडी घातलेला कागदी बगळा असायचा, तो सपाट होऊन यायचा, मग मी उलगडून परत उभा करायचे, भावाने एकाची होडी केली तेव्हा मी त्याला बदडलं होतं.

आम्ही एकदा सोलं (आमसुलं) पाठवली. पार्सल पाठवणं म्हणजे तेव्हा घरचं कार्य. मांजरपाटाचा तुकडा आणायचा, डब्याला घट्ट बसेल असा शिवायचा, आईचे टाके बारीक म्हणून ते काम आईचं, मग शिवणीवर मेणबत्तीवर वितळवलेली लाख थेंब थेंब पाडायची आणि ती गरम असताना बाबा कोटाच्या बटणाचा ठसा उठवायचे. एकदा लाख माझ्या बोटावर पडली, डाग आहे अजून. पत्ता कापडावर लिहायला शाई पसरते म्हणून आधी हळदीकुंकवाच्या वाटीतल्या... नाही ते राहूदे, भलतीकडे जाईल. तर सोलं पोचली. तिने लिहिलं की आमच्याकडे उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ असतं तसंच हे, आम्ही भातावर ठेवून खाल्लं. आमटीत घालायचं हे मी लिहायलाच हवं होतं का? सोलं भातावर!! आई दोन दिवस हसत होती. पण नंतर तिने एकदा करून बघितली भातावर ठेवून, कुणाला सांगितलं नाही.

१७ जानेवारी १९९५. रात्रीच्या बातम्यांत कोबे म्हणाले आणि तो आडवा पडलेला हायवे दाखवला. घरी फोन नव्हता, असता तरी नंबर कुठे होता तिचा. मी त्याच रात्री लिहिलं. मग परत लिहिलं. सहा हजारांच्या वर माणसं गेली असं वर्तमानपत्रात यायचं आणि पत्ता तर घराचा, घर उभं असेल तर पत्र पोचणार ना. आई म्हणायची लिहीत राहा, पोस्टमन शोधून काढतात.

आंब्याच्या दिवसांत उत्तर आलं. आधी शाळेच्या जिममध्ये राहत होते, आता तात्पुरत्या घरात आहोत, आजी गेली. माझी पत्रं तिला एकदमच मिळाली होती. त्यात बगळा नव्हता. पुढच्यात होता.

घाईतली:

@पोफळीची बाग काटा आला. आणि वाटीतल्या काय ते सांग आता, अर्ध्यावर सोडू नये असं.

पोफळीची बाग:

काही नाही गं, आई तांदळाच्या पेजेचं पाणी लावायची कापडाला म्हणजे शाई फुटत नाही. वाटी तीच होती एवढंच.

कुळीथपिठी:

पेजेचं पाणी!! आमच्याकडे पण. मांजरपाट अजून मिळतं का कुठे चांगलं? मला पापडाखाली घालायला हवंय, हल्ली सगळं पॉलिस्टर मिसळलेलं देतात.

माजघर:

आमच्या दापोलीकडे फॉरेनचं पत्र म्हणजे कुवेत, दुबई, मस्कत. पत्रमैत्री वगैरे चैन आम्हाला माहीत नव्हती, घरातलाच माणूस पत्रात राहायचा. अब्बा कुवेतला होते. पत्रापेक्षा कॅसेट यायची, गावातला कुणी सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून. अब्बा एक बाजू बोलून भरायचे आणि दुसरी बाजू आम्ही भरून परत पाठवायची. दादी टेपरेकॉर्डरशी बोलायची नाही, त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि आम्हाला सांगायची की त्याला सांग गुडघा दुखतोय, आणि ते सगळं टेपवर यायचंच. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि टपाल बंद, फोन बंद. अब्बा बगदादवरून अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने आले, त्या विमानांनी लाखाच्या वर माणसं आणली. मुंबईहून एसटीने पहाटे उतरले, हातात एकच पिशवी. पिशवीत आमच्या कॅसेट होत्या, भरलेल्या, आणि कपडे नव्हते म्हणून अम्मी चिडली होती.

विषयाला धरून नाही पण लिहावंसं वाटलं.

निवतीचा दिवा:

@माजघर धरूनच आहे हो. कॅसेट अजून चालतात का?

माजघर:

एक चालते. बाकीच्यांना बुरशी. आमच्या हवेत टिकत नाही काही.

आडवाटेचा:

आता जरा हलकं घ्या. माझं नाव मुलगा मुलगी दोघांनाही चालणारं. इटलीहून एका मुलाने वर्षभर मला फार म्हणजे फारच गोड पत्रं लिहिली, समुद्र, चंद्र, तुझे डोळे कसे असतील. मला वाटलं इटलीत असंच लिहितात मित्राला. मी त्याला कबड्डीच्या टीमचा फोटो पाठवला, डावीकडून तिसरा मी, लंगोटवजा चड्डीत, मिशी फुटलेली. त्यानंतर पत्र आलं नाही 😂

गजाली:

अरे देवा 😂😂 मेल्या तेका डायरेक्ट लंगोटीत दाखवलंस

शॉर्टवेव्ह:

गुहागर, १९८० चं दशक. संध्याकाळ झाली की मी रेडिओ घेऊन माडीवर, तारेची एरियल माडाला बांधलेली. समुद्राकाठी शॉर्टवेव्ह काय लागायचं! पूर्व जर्मनीचं रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल हिंदीतून असायचं. ऐकल्याचा रिपोर्ट पाठवायचा, कोणत्या मीटरवर, आवाज कसा, खरखर किती, सगळ्याला एक ते पाच मार्क, मग ते कार्ड पाठवायचे. मी तर मार्क द्यायला इतका चटावलो की वडलांच्या आरतीला पण द्यायचो.

त्यातूनच रोस्टॉकचा एक जण मिळाला, बाल्टिक समुद्रावरचं बंदर, गोदीत कामाला. उत्तरासाठी तो पाकिटात कूपन घालायचा, इंटरनॅशनल रिप्लाय कूपन, कुठल्याही देशातल्या पोस्टात देऊन परदेशी पत्राचं तिकीट मिळायचं असं. १९०७ पासून चालत आलेली पद्धत पण आमच्या इकडच्या एका पोस्टात ते कूपन उलटंपालटं करून मला परत दिलं, इथे लॉटरीची बक्षिसं मिळत नाहीत म्हणाले. मग रत्नागिरीला गेलो की बदलून घ्यायचो, एसटीचं तिकीट त्याहून महाग.

बर्लिनची भिंत पडली ती नोव्हेंबर १९८९ ची. त्याची मोठी आनंदाची पत्रं आली, पहिल्यांदा पश्चिमेकडचं हँबर्ग बघितलं वगैरे. मग हळूहळू सूर उतरला. २ ऑक्टोबर १९९० ला रेडिओ बर्लिन बंद, दुसऱ्या दिवशी दोन्ही जर्मनी एक. मी तो शेवटचा दिवस ऐकला, सिग्नल चांगला होता, पाचपैकी चार. रिपोर्ट लिहिला आणि मग लक्षात आलं पाठवायचा कुणाला.

मित्राची गोदीतली नोकरी गेली. त्याचा पत्ता बघा, आधी डीडीआर (म्हणजे पूर्व जर्मनी) आणि चार आकडे, मग ओ आणि तेच चार आकडे (ओ म्हणजे पूर्वेकडचा, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू), मग १ जुलै १९९३ पासून नवे पाच आकडे. घर एकच, जिना एकच. तो लिहायचा, मी सोफ्यावरून उठलो नाही आणि माझे तीन पत्ते झाले. नंतर टॅक्सी चालवायला लागला. १९९७ च्या सुमारास पत्रं थांबली, माझं लग्न, त्याचं काय झालं ते कळलं नाही. शोधायचं तर आता शोधता येईल कदाचित. शोधलं नाहीये.

तिकीटवाला:

ती ओ आणि डब्ल्यूवाली पाकिटं जपून ठेवा, तीनच वर्षं चालली ती.

वाशिष्ठीकाठ:

चिपळूण. माझा मित्र न्यूझीलंडचा, मेंढ्यांचा फार्म असलेला. पाचवीपासून शिकलेल्या इंग्रजीवर मी त्याला मेंढीला पाय किती इथपासून विचारलेलं आहे. १९९३ ला लातूरचा भूकंप झाला तेव्हा त्याचं पत्र, तू ठीक आहेस का. मी नकाशा काढून पाठवला की बाबा मी इकडे समुद्राजवळ, लातूर तिकडे पार मराठवाड्यात. २०११ ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला तेव्हा मी ईमेल केली, ठीक आहेस का. त्याने उत्तरात फक्त नकाशा पाठवला 😀

पत्रं सगळी लोखंडी ट्रंकेत, ट्रंक खालच्या खोलीत. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी माळ्याच्या फळीला लागलेलं. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली तर आत चिखल, त्यात लगदा. काही एरोग्राम बायकोने वेगळे करून दोरीवर चिमट्यांनी लावले. बॉलपेनचं थोडं वाचता येत होतं, त्याची सुरुवातीची सगळी पत्रं शाईपेनची, कागद निळसर झाला होता फक्त. लोक अंगणात गाद्या धुवत होते आणि मी हे, लाज वाटायची कुणी आलं की.

त्याला कळवलं. महिन्याभराने व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले, एकामागोमाग एक, रोज. माझी पत्रं. त्याने सगळी ठेवली होती. त्यामुळे आता माझ्याकडे मी लिहिलेलं सगळं आहे आणि त्याने लिहिलेलं काही नाही. माझंच वाचायला लागतंय. मी किती बढाया मारायचो! आमच्याकडे वाघ येतो असं लिहिलंय चक्क.

घाईतली:

वाघ 😆😆 बिबट्या तरी लिहायचं.

बरं माझं. मला कुणी पत्रमैत्रीण नव्हती पण आत्याला होती, हॉलंडची, आत्या देवगडला पोस्टाच्या मागेच राहायची. आत्या तिला हापूसबद्दल लिहायची दर वर्षी. शेवटी त्या बाईने तिकडे दुकानात डबाबंद रस शोधून आणला आणि लिहिलं की खाल्ला, बरा आहे. बरा!! आत्याने दोन महिने उत्तर दिलं नाही. कुकर उघडायचाय अजून, येते.

पोफळीची बाग:

@निवतीचा दिवा तुम्ही भेटलात का कधी? ते लिहिलंच नाही.

निवतीचा दिवा:

भेटलो. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, त्याच्या पुढच्या थंडीत ती आली, सावंतवाडीला उतरली. मी लग्न होऊन मुंबईत, पण मुद्दाम माहेरी आले होते. खरं सांगू, पहिले दोन दिवस फार अवघड गेले. पत्रात आम्ही काय काय लिहायचो, तिच्या आईवडलांचं तुटलं ते, माझं लग्न ठरताना मी रडले ते. आणि समोर बसल्यावर, चहा घे, गरम आहे, हो गरम आहे. तिचं बोलणं तुटक, माझं त्याहून. उच्चार कळेनात एकमेकींचे. ती माझं नाव जे काय म्हणायची ते मी बारा-तेरा वर्षं पत्रात वाचताना ऐकलंच नव्हतं.

बाबांनी वाचवलं. तिला पहाटे बंदरावर घेऊन गेले, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मासे दाखवत फिरले. हा बांगडा, ह्याचा भाऊबंद तिच्याकडेही मिळतो. ती जेवायला बसली आणि बांगड्याचा काटा अख्खा एका ओढीत काढून ताटाच्या कडेला ठेवला, आई बघतच राहिली. आईच्या मुंबईच्या नातवंडांना जमत नाही ते. मग सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो दोघी, तिथे कुणी नव्हतं, तेव्हा थोडं बोललो. पत्रातलं नाही बोललो पण. ते तिने परत गेल्यावर लिहिलं, सात पानं.

व्हॉट्सॲपवर आता काय, ती ट्यूलिप पाठवते, मी अबोली. छान छान. सात पानं कुणी लिहीत नाही.

वाशिष्ठीकाठ:

अगदी. आम्ही तर पावसाचे मिलिमीटर एकमेकांना पाठवतो.

कुळीथपिठी:

माझ्या लेकीला असं काही करायचं असेल तर आता काय सोय आहे? ती आठवीत. मोबाईल सोडून काहीतरी हातात येऊदे म्हणते.

तिकीटवाला:

पोस्टक्रॉसिंग बघा. २००५ मध्ये एका पोर्तुगीज विद्यार्थ्याने सुरू केलंय. तुम्ही कुणाला तरी पोस्टकार्ड पाठवायचं, ते पोचल्याची नोंद झाली की तिसऱ्याच कुठल्यातरी देशातून तुम्हाला येतं. मैत्री होईलच असं नाही, बहुतेक वेळा एका कार्डावर भागतं. मी करतो, तिकिटांसाठी. मुलगी लहान आहे तर पत्ता तुमच्या नावाने द्या.

आडवाटेचा:

आणि फोटो पाठवू नका म्हणावं 😂

शॉर्टवेव्ह:

@निवतीचा दिवा मग डेन्मार्कला आता पत्र जातच नाही का?

निवतीचा दिवा:

जातं की, तिथे एक खासगी कंपनी पत्रं वाटते. सरकारी पोस्टाने फक्त पार्सलं ठेवली. मी तिला विचारलं तुझ्या गल्लीतली लाल पेटी गेली का, तर म्हणाली कधीची गेली, मला आत्ता तुझ्यामुळे कळलं. तिने स्वतः शेवटचं पत्र कधी टाकलं तेही तिला आठवेना.

मी एक लिहायला घेतलंय. दीड पान झालंय, हात दुखतोय, अक्षर बघवत नाही.

कुळीथपिठी:

लिहा लिहा. सोबत सोलं पाठवणार असाल तर माझ्याकडे यंदाची आहेत, चांगली वाळलीत, मालवणात असते मी, घेऊन जा.

निवतीचा दिवा:

पुढच्या आठवड्यात येते आहे कुडाळला. अर्धा किलो ठेव. तिला थोडी, बाकी मला.

पोफळीची बाग:

आमटीत घालायची हे लिही हां सोबत!